परदेशात इंग्रजी शिकवणारा माणूस 'खरा शिक्षक' कधी होतो?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी दोन वर्षं व्हिएतनाममध्ये दा नांगला एका खासगी भाषा केंद्रात इंग्रजी शिकवतेय. शिक्षण वाणिज्य शाखेचं, आधीची नोकरी हिशेब तपासणीतली. येण्याआधी १२० तासांचा ऑनलाइन कोर्स केला, कागदपत्रं साक्षांकित करून घेतली, वर्क परमिट हातात पडलं आणि चौथ्या दिवशी वर्गात उभी राहिले.

इथे २० नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो. मुलं फुलं आणतात, जुने विद्यार्थीही भेटून जातात. शिक्षिकेला इथे 'को' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ आत्या असाही होतो. यंदा माझ्या टेबलावर अकरा गुच्छ होते. संध्याकाळी स्टाफरूममध्ये एक सहकारी, जी तिच्या देशात बारा वर्षं शाळेत शिकवून आलीय, त्या गुच्छांकडे बघत म्हणाली, "आपल्यातले निम्मे लोक शिक्षक नाहीतच. इंग्रजी येतं म्हणून आणून उभे केलेत." ती मला उद्देशून बोलत नव्हती. तरी मला लागलं, कारण दोनच दिवसांपूर्वी असं झालं होतं:

अकरा-बारा वर्षांची चौदा मुलं. प्रेझेंट परफेक्टचा धडा. फळ्यावर 'आय हॅव लॉस्ट माय की' लिहिलं, खाली सूत्र लिहिलं, 'अंडरस्टँड?' विचारलं. "येस, टीचर!" वहीतली दहाच्या दहा वाक्यं बहुतेकांची बरोबर. तास संपताना सहज एका मुलाच्या वहीवर बोट ठेवून विचारलं, "मग तुझी किल्ली आता कुठे आहे?" त्याने माझ्याकडे बघितलं, वाक्याकडे बघितलं, आणि अगदी खात्रीने म्हणाला, "इन माय बॅग, टीचर."

दहापैकी दहा गुण आणि किल्ली दप्तरात. म्हणजे मी त्याला रूप शिकवलं होतं, अर्थ त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि मी तो प्रश्न विचारला नसता तर मला कधी कळलंही नसतं.

तुमच्यापैकी बरेच जण बाहेरदेशी शिकवताय. पदवी, परवाना, वर्षं, की आणखी काही? आपण शिक्षक झालो हे तुम्हाला कशावरून कळलं?

उत्तरायण

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमची सहकारी बरोबर बोलली.

मी बी.एड. करून सात वर्षं शाळेत शिकवलं आणि मग थायलंडला आलो. इथे शाळेत शिकवायला शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवाना लागतो. तो नसेल तर ठरावीक मुदतीची तात्पुरती परवानगी मिळते आणि परदेशी इंग्रजी शिक्षकांतले कितीतरी जण तिच्यावरच काम करतात. सगळे वाईट नसतात. पण मी काय पाहिलं ते सांगतो.

दुसरीतला एक मुलगा सगळी वाक्यं जोडून लिहायचा. 'आयलाइकडॉग्ज' असा एकच लांबलचक शब्द. आधीच्या शिक्षकाने वहीभर लाल रेघा मारल्या होत्या आणि शेरा दिला होता, निष्काळजी. आता थाई लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडतच नाहीत! त्या मुलाने लिहायला शिकल्यापासून जे बरोबर म्हणून गिरवलं, तेच तो इंग्रजीत करत होता. त्याला दोन शब्दांमध्ये बोट ठेवायला शिकवलं. आठवड्याभरात वही सुधारली. पण तोवर तो मुलगा चार महिने स्वतःला मठ्ठ समजत होता.

मूल वाचायला कसं शिकतं, चूक कुठून उगवते, प्रश्नपत्रिका कशी काढतात, हे शिकायला वेळ लागतो. परवाना त्या वेळेची हमी असतो. ती हमी नको म्हणणाऱ्यांनी त्या मुलाच्या आईसमोर बसून बोलावं.

मधली_सुट्टी

राग नाही आला. उलट त्या वहीचं वाचून गलबलून आलं. पण एक विचारू का? बोट ठेवायची युक्ती तुम्हाला बी.एड.मध्ये सापडली, की थाई लिपी शिकताना?

उत्तरायण

प्रश्न चांगला आहे. खरं सांगायचं तर थाई लिपी शिकताना. पण 'चुकीमागे कारण असतं, ते शोध' ही सवय बी.एड.च्या सराव पाठांमध्ये लागली. माझे मार्गदर्शक पाठ निरीक्षणाच्या वहीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहायचे: हे मुलाने असं का केलं?

सहायक_क्रमांक_दोन

जपानमधून लिहितोय. माझ्या तर पदाच्या नावातच सहायक आहे.

इथे १९८७ पासून जेट नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्यातून परदेशी पदवीधर शाळांमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून येतात. पदवी कुठल्याही विषयाची चालते, शिक्षकाचा परवाना मागत नाहीत, करार दरवर्षी वाढतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. वर्ग कायद्याने जपानी शिक्षकाचा. मी त्यांच्या शेजारी उभा.

पहिलं वर्ष मी वाक्यं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र होतो. ते 'प्लीज' म्हणायचे, मी धडा वाचायचो, चाळीस मुलं माझ्या मागून म्हणायची. अपमान वाटायचा. मुलं मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायची तेव्हा आत काहीतरी खुपायचं, तुमच्या गुच्छांसारखंच.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट लक्षात आली. 'डोंट यू लाइक इट?' विचारलं की मुलं 'येस' म्हणायची आणि माझ्या अमेरिकन सहकाऱ्याचा गोंधळ उडायचा. माझा उडत नव्हता. आपणही 'तुला आवडत नाही का?' असं विचारलं की 'हो, नाही आवडत' म्हणतो ना? जपानीतही होकार प्रश्नाला असतो, इंग्रजीत तो आवडण्याला असतो. मी माझ्या जपानी सहशिक्षकांना हे फळ्यावर दोन बाण काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, आम्ही हे पाठ करून घेतो, का ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही धडा एकत्र आखायला लागलो.

परवाना माझ्याकडे आजही नाही. पण त्या दुपारनंतर सेन्सेई ऐकताना खुपणं थांबलं. उत्तरायण, तुमच्या मते मी त्या दिवशी काय होतो?

पारपत्र

या चर्चेत एक बाजू राहतेय. आपल्यासारख्यांना 'खरा शिक्षक' ठरण्याआधी 'खरा इंग्रजी बोलणारा' ठरावं लागतं, तेही पासपोर्टवरून.

दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा बघा, परदेशी भाषाशिक्षकांना देतात तो. मूळ यादीत सात देश: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० पासून लागू झाला, त्यात शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांसाठी वाट निघाली. म्हणजे बघा, त्या सात देशांतल्या माणसाला खासगी वर्गात शिकवायला कुठल्याही विषयाची पदवी पुरते आणि आपल्याकडून शिक्षक असल्याचा कागद मागतात. मला राग येतो, आणि तो योग्य आहे असं मला वाटतं.

मूळ भाषक तोच उत्तम शिक्षक, ही समजूत तपासून बघणारे अभ्यासक आहेत. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये तिला सरळ भ्रम म्हटलं. हंगेरीचे पीटर मेद्येश स्वतः इंग्रजी शिकून शिक्षक झालेले. त्यांची मांडणी अशी की, जो स्वतः ती भाषा शिकून वर आला, त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधी दिसतं, कारण तो स्वतः तिथे अडखळलेला असतो.

मधली_सुट्टीताई, तुमच्याच धड्याचं उदाहरण घेतो. आपण मराठीत 'मी कालच आलोय' म्हणतो. म्हणूनच आपल्या तोंडून 'आय हॅव कम यस्टरडे' सहज निघतं आणि ते इंग्रजीत चुकतं. मला हे कळायला कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडलं. तुमच्या मुलांच्या भाषेतही असंच काही असणार. शोधा. ते शोधायला तुम्ही त्या सात देशांतल्या कुणाहीपेक्षा जास्त तयार आहात.

झुळूक

पारपत्र यांच्याशी सहमत, पण एक भीती वाटते. 'मी स्वतः शिकलोय म्हणून मला शिकवता येतं' हाही तसाच आयता समज होऊ शकतो. मी त्यातूनच गेलेय.

मी चार आठवड्यांचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स, केला. कागदावर तोही १२० तासांचाच, ऑनलाइन कोर्सवरही बहुतेक हाच आकडा असतो. फरक आहे तो त्यातल्या सहा तासांत. ते सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, मागे प्रशिक्षक वही घेऊन बसलेले, सोबतचे पाच-सहा प्रशिक्षणार्थीही बघताहेत. वर्गानंतर आधी तुम्ही बोलायचं, मग ते.

माझ्या दुसऱ्या पाठानंतर प्रशिक्षक बाईंनी एवढंच विचारलं, "आज त्यांना काय नवीन आलं?" मी म्हटलं, मी 'युज्ड टू' शिकवलं. त्या म्हणाल्या, "ते तू काय केलंस. त्यांना काय आलं?" मला उत्तर येईना. त्यांनी वही पुढे केली. चाळीस मिनिटांच्या पाठात मी एकोणतीस मिनिटं बोलले होते. एका ताईंनी संपूर्ण पाठात एक शब्द उच्चारला नव्हता आणि मला त्यांचा चेहराही आठवत नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही.

तिथे शिकलेली एक गोष्ट मात्र तुम्हाला उद्याच वापरता येईल. 'अंडरस्टँड?' हा प्रश्न कायमचा सोडून द्या. त्याला 'नाही' म्हणायला वर्गासमोर फार मोठं धाडस लागतं. त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न आधीच वहीत लिहून न्यायचे. 'आय हॅव लॉस्ट माय की': किल्ली आता माझ्याकडे आहे का? मी दार उघडू शकते का? कधी हरवली हे वाक्यात सांगितलंय का? हो किंवा नाही, एका शब्दात उत्तरं. तुम्ही नकळत त्यातला पहिलाच प्रश्न विचारलात, फक्त तास संपताना. तो सुरुवातीला आणा.

खडूची_धूळ

+१ झुळूक. शेवटचा परिच्छेद कापून भिंतीला लावण्यासारखा.

खडूची_धूळ

थोडी भर. इंग्रजी अध्यापनाचे भारतीय अभ्यासक एन. एस. प्रभू यांचं नाव इथे यायला हवं. १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू आणि मद्रास भागातल्या साध्या शाळांमध्ये त्यांनी प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली, रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशावर रस्ता सांगा. त्या कामात मुलं भाषा उचलतात का ते पाहिलं. जगभरातल्या इंग्रजी शिक्षकांनी या प्रयोगाची दखल घेतली.

पण मला त्यांचा १९९० सालचा एक विचार जास्त जवळचा वाटतो. उत्तम पद्धत अशी एकच नसते, असं ते म्हणतात. शिक्षकाच्या मनात 'हे केलं तर मुलांना ते येईल, कारण असं असं' अशी स्वतःची एक समजूत असते. ती जिवंत असेल, म्हणजे रोजच्या अनुभवाने बदलत असेल, तर शिकवणं जिवंत. ती थिजली की तीच पद्धत यांत्रिक होते, मग ती कितीही आधुनिक असो. या हिशेबाने वीस वर्षांचा परवानाधारक थिजलेला असू शकतो आणि दोन वर्षांची मधली_सुट्टी जिवंत. तिने किल्ली कुठे आहे हे विचारलं, यातच ते दिसतं.

उत्तरायण

सहायक, तुम्ही विचारलंत म्हणून. त्या दुपारी तुम्ही शिक्षक होतात. मान्य.

पण खडूची_धूळ, एका मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. जिवंत समजूत वर्गात काही महिने चुकत चुकत घडते आणि त्या चुकांची किंमत मुलं मोजतात. परदेशात तर आणखीच, कारण मुलाला तक्रार करायला शिक्षकाची भाषा येत नाही आणि शिक्षकाला मुलाची. म्हणून पहिल्या वर्षी कुणीतरी मागे बसायला हवं. परवाना नसेल तर नसू दे, पण निरीक्षण हवं. माझा आग्रह आता एवढ्यावर आलाय.

झुळूक

हे शंभर टक्के पटलं.

शेवटचा_तास

सगळे शिकवण्याबद्दल लिहिताय, मी निघून जाण्याबद्दल लिहितो.

परदेशातली इंग्रजीची नोकरी बहुधा वर्षाच्या कराराची. मी तीन देशांत पाच ठिकाणी शिकवलं. दुसऱ्या ठिकाणी वर्ग हातात घेतला तेव्हा एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" तिचा तो तीन वर्षांतला सहावा शिक्षक होता. कपाटात आधीच्या माणसाचं काय होतं? पुस्तकाची एक प्रत, त्यात पान ४२ वर खूण. बस. चोवीस मुलांबद्दल एक ओळ नाही. मी 'माय नेम इज' पासून सुरुवात केली आणि मुलांनी ते सहाव्यांदा निमूट केलं.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाण सोडताना वही ठेवून येतो. मुलामागे पाच-सहा ओळी. 'हा बोलत नाही पण लिहितो छान, आधी लिहून घ्या, मग वाचायला सांगा.' 'हिला शब्दाच्या शेवटचा स ऐकू येतो, म्हणता येत नाही. आरशासमोर करून घेतोय, निम्मं झालंय.' 'याला सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका.' एका केंद्राने ही वही ठेवून घ्यायला नकार दिला होता, त्यांच्या नमुन्यात बसत नव्हती म्हणून. मी ती पुढच्या शिक्षिकेला परस्पर पाठवली. तिने महिन्याभराने कळवलं की वहीतल्या दोन नोंदी चुकीच्या निघाल्या, बाकी कामाला आल्या. चुकीच्या कुठल्या, तेही तिने सविस्तर लिहिलं होतं. त्यातून मी बरंच शिकलो.

ही वही लिहायला बसलात आणि एखाद्या मुलाच्या नावापुढे काहीच सुचलं नाही, तर त्या मुलाला आपण शिकवलेलं नाही. मला दरवेळी अशी तीन-चार नावं सापडतात.

कोपऱ्यातला_बाक

मी शिक्षक नाही, विद्यार्थी म्हणून लिहितो. कामासाठी ओसाकाला होतो, तिथे संध्याकाळी जपानी शिकायचो. मला 'ओबासान' आणि 'ओबाआसान' यांत फरक ऐकूच यायचा नाही. पहिली काकू-मावशी, दुसरी आजी. दोन शिक्षकांनी बरोबर उच्चार पंचवीस वेळा म्हणून दाखवला. तिसऱ्या बाईंनी म्हणायचं थांबवलं आणि टेबलावर बोटाने ठोके दिले. चार ठोके, पाच ठोके. मग मला ठोके द्यायला लावले, तोंड बंद ठेवून. दहा मिनिटांनी ऐकू यायला लागलं.

पहिल्या दोघांना माझा उच्चार चुकतोय हे दिसत होतं. बाईंना दिसलं की मला ऐकूच येत नाहीये. तुम्ही सगळे जे शोधताय ते मला तिथे मिळालं होतं.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. या आठवड्यात काय केलं ते सांगते.

वर्गात मदतीला एक स्थानिक सहायिका असते. इतके दिवस मी तिला फक्त शांतता राखायला आणि सूचना भाषांतरित करायला सांगत होते. पारपत्र यांचं वाचून तिच्यासोबत बसले आणि विचारलं, 'किल्ली हरवलीय' हे तुमच्याकडे कसं म्हणतात? तिने सांगितलं, क्रियापदाचं रूप बदलतच नाही. शेवटी 'रोइ' असा शब्द येतो, म्हणजे झालं, उरकलं. मी विचारलं, तो 'काल' बरोबर चालतो का? ती म्हणाली, चालतो की. अगदी आपल्या 'कालच आलोय' सारखा! दोन वर्षांत मी तिला हा एक प्रश्न विचारला नव्हता. ती म्हणाली, तिला यातलं बरंच आधीपासून दिसत होतं, पण कुणी विचारलं नाही.

मग खरी किल्ली आणली. सगळ्यांसमोर ती दप्तरात टाकली, विचारलं, 'हॅव आय लॉस्ट इट?' "नो!" मग दुसरी किल्ली सहायिकेने बाहेर नेऊन लपवली, मी खिसे चाचपले, दप्तर उपडं केलं, दाराला कुलूप, दार उघडेना. तोच मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर हॅज लॉस्ट हर की. वी कॅनॉट गो होम." दुसरं वाक्य त्याचं स्वतःचं होतं, मी शिकवलेलं नव्हतं.

पण तो एकटा. चौदांपैकी सहा जण अजून 'आय हॅव लॉस्ट माय की यस्टरडे' म्हणताहेत आणि का चुकतं ते मला त्यांना नीट समजावता आलेलं नाही. सहायिका आणि मी मंगळवारच्या तासासाठी फळ्यावर एक रेघ आखायचा विचार करतोय, एका टोकाला काल, दुसऱ्या टोकाला आत्ता, आणि मुलांनीच वाक्यांच्या पट्ट्या त्यावर ठेवायच्या. उत्तरायणदादा, त्या बारा वर्षंवाल्या सहकारीला मी मंगळवारी मागच्या बाकावर येऊन बसायची विनंती केली. ती हो म्हणालीय, वही घेऊन येते म्हणाली.

शेवटचा_तास, तुमची वही परवा रात्री मीही लिहायला घेतली. चौदांपैकी पाच नावांपुढे काही लिहिता आलं नाही. त्यातलं एक नाव कार्डावर 'को' लिहून देणाऱ्या मुलीचं आहे.

झुळूक, रेघेच्या पट्ट्यांसाठी अर्थ तपासणारे प्रश्न कुठले घेऊ? मंगळवारच्या आधी सांगाल का?